पझेशनच्या आधी

मी नोकरी सोडली तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते, आणि त्या एका आठवड्यात मला जेवढे सल्ले मिळाले तेवढे आधीच्या सगळ्या आयुष्यात मिळाले नसतील. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोळीभाजीचे डबे सुरू कर, मोशीत एकटी राहणारी पोरं बाहेरचं खाऊन आजारी पडतात. नणंद म्हणाली, मसाले कर. चुलतभावाने फोनवर पाऊण तास विम्याचं समजावून सांगितलं. मला स्वयंपाक आवडतो का, हे एकानेही विचारलं नाही. मला तो अजिबात आवडत नाही. पण बाई घरी बसली म्हणजे तिने लाटायचं, तळायचं नाहीतर शिवायचं, याच्यापुढे कुणाची कल्पना जात नव्हती.

त्याआधी एकवीस वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासायच्या. हातात घ्यायची, उजेडात फिरवायची, गेज लावायचं, ओके तर पुढे, नाहीतर लाल टॅग. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण मला ते काम आवडायचं. डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळायचं की इथे काहीतरी कमी आहे. मग कंपनीने कॅमेऱ्याचं यंत्र आणलं. बिजागरी खालून सरकायची, हिरवा दिवा लागायचा नाहीतर लाल. मला यंत्राशेजारी खुर्ची दिली आणि लाल दिवा लागला की बटण दाबायचं काम दिलं. ते यंत्र तेलाच्या थेंबाला तडा म्हणायचं आणि खऱ्या तड्याला सोडून द्यायचं. मी दाखवायला गेले की आमचे साहेब म्हणायचे, "मॅडम, सिस्टिमवर विश्वास ठेवा." चार महिने ठेवला. पाचव्या महिन्यात एक तडा गेलेली बिजागरी मी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी ती न बघता विचारलं, "सिस्टिमने काय दाखवलं?" मी म्हटलं, हिरवा. "मग?" असं म्हणून त्यांनी ती बिजागरी कागदांवर वजन म्हणून ठेवली. त्या दुपारी मी राजीनामा लिहिला.

नवरा एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. शांत माणूस. त्याने एवढंच विचारलं, "पुढे काय करणार?" मी म्हटलं, माहीत नाही. "बरं," म्हणाला आणि चहा टाकायला उठला. खरा प्रश्न होता माझ्या वडिलांचा. ते कासारवाडीला स्टेशनजवळ राहतात. सगळी नोकरी लेथवर काढली आणि परमनंट झाल्याचं पत्र अजून फायलीत जपून ठेवलंय. मी सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, "परमनंट होतीस ना?" मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी विहारात गेले तर तीन बायका माझ्याकडे कळवळून बघायला लागल्या. एकीने हळूच विचारलं, "ऑपरेशन झालं का गं?" वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मुलगी आजारपणाच्या रजेवर आहे. पुढे जवळजवळ वर्षभर मी कासारवाडीत आजारी होते. लोक पपया आणून द्यायचे.

कामाची सुरुवात माझ्या ठरवण्यातून झाली नाही. कंपनीत पॅकिंगला असलेल्या एका मैत्रिणीला मोशीत नवीन फ्लॅटचा ताबा मिळणार होता. ती म्हणाली, "चल बघायला. तुला नाहीतरी सगळ्यात खोट दिसते." ती चेष्टेने म्हणाली होती. मी गेले आणि सवयीने किल्लीने फरशा वाजवत सुटले. हॉलमधल्या सहा फरशा पोकळ वाजल्या. स्वयंपाकघरातली खिडकी अर्ध्यावर अडकत होती. बेडरूमचा एक प्लग नुसता भिंतीवर बसवला होता, त्याच्यामागे वायरच नव्हती. मैत्रीण आधी वैतागली, कारण तिला पेढे वाटायचे होते. पण मी कागदावर लिहून दिलेली यादी तिने बिल्डरच्या ऑफिसात दिली आणि पंधरा दिवसांत सगळं दुरुस्त करून मिळालं. तिने आणखी दोघींना सांगितलं. त्या दोघींनी आणखी चौघींना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे काम आहे, आणि ते मला येतं.

नवऱ्याने कार्डावर छापायला तीन-चार भारदस्त इंग्रजी नावं सुचवली. मी छापलं, 'पझेशनआधी फ्लॅटची तपासणी'. एक पिशवी केली. तिच्यात लेव्हल बघायची पट्टी, टॉर्च, छोटी लाकडी हातोडी, प्लग तपासायचं साधन, खडू, आणि लहान मुलांची काचेची गोटी. गोटी फरशीवर ठेवली की ती बिल्डरपेक्षा खरं बोलते. बादली मात्र घरूनच न्यावी लागते, कारण रिकाम्या फ्लॅटमध्ये बादली नसते. मोशी, चिखली, चाकण रस्ता, सगळीकडे मी स्कूटरच्या पायाशी निळी बादली अडकवून फिरते. सिग्नलला लोक बघतात. बघू देत.

या कामात त्रास फरशांचा नाही, माणसांचा आहे. गेटवरचा वॉचमन वहीत नाव लिहून घेतो आणि विचारतो, "सर कब आएंगे?" मी सांगते की सर नाहीत, मीच आहे. तरी तो माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहतो. साइट इंजिनिअर माझ्याशी न बोलता ग्राहकाशी बोलतो. ग्राहकांचं तर विचारूच नका. मला बोलावतात तपासायला आणि अपेक्षा ही की मी कौतुक करावं. एकदा एका कुटुंबाने अकरा नातेवाईक आणले आणि सगळे पोकळ फरशांवर उभे राहून फोटो काढत बसले. मी प्रत्येकाला, जरा सरका, जरा सरका, म्हणत गुडघ्यांवर फिरत होते. दुसऱ्या एका गृहस्थांनी मला ईशान्य कोपरा बघायला सांगितला. मी म्हटलं, मी ढाळ बघते, दिशा बघत नाही. ते म्हणाले, "मग तुमचा काय उपयोग?"

हे सगळं मी सहन करायला शिकले होते. पण गेल्या वर्षीचं एक प्रकरण असं झालं की मी धंदा बंद करायच्या बेतात आले होते.

फोन एका फिटरचा होता. चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, मूळ परभणीचा, दहा वर्षं चिखलीत दोन खोल्यांत भाड्याने राहिलेला. मोशीत सातव्या मजल्यावर त्याने फ्लॅट घेतला होता. पुढच्या गुरुवारी गृहप्रवेश ठरला होता, बुधवारी गावाकडची मंडळी रेल्वेने येणार होती. आणि हे सगळं ठरवून झाल्यावर, शनिवारी, त्याला तपासणी करून घ्यायची होती. मी म्हटलं, तारीख ठरवायच्या आधी बोलवायचं असतं. तो म्हणाला, "मॅडम, नुसती एक चक्कर मारा. बायकोच्या मनाचं समाधान."

बायको चाळिशीच्या आतली, कमी बोलणारी. मी गेले तेव्हा ती हातात टेप घेऊन खिडक्यांचं माप काढत होती, पडद्यांसाठी. फ्लॅट तसा बरा होता. फरशा घट्ट, प्लग चालू, खिडक्या सरकत होत्या. मलाही हायसं वाटलं. शेवटी बेडरूमच्या बाथरूममध्ये बादली ओतली.

पाणी जाळीकडे गेलं नाही. क्षणभर जागेवर थांबलं आणि मग सगळं दाराकडे आलं. चौकटीखालच्या दगडाला टेकून साचलं आणि दगडाच्या कडेने बेडरूममध्ये झिरपायला लागलं. मी गोटी ठेवली. गोटीही दाराशी आली.

साइट इंजिनिअर दारातच उभा होता. पंचविशीचा मुलगा, शर्टाच्या खिशात दोन फोन. "मॅडम, एवढं चालतं," तो म्हणाला. "सगळ्याच फ्लॅटला असं आहे."

"म्हणजे सगळ्याच फ्लॅटला चुकलंय," मी म्हटलं आणि लिहायला लागले.

फिटरने मला गॅलरीत नेलं. दार ओढून घेतलं. "मॅडम, हे कामून लिहायलात? वायपरनं ओढून घेऊ की पाणी."

"रोज? दोन वेळा? किती वर्षं?"

"तुमी पण कंपनीतल्या हायत. ऐन टायमाला डिस्पॅच थांबवला की काय होतं, तुमाला सांगायला पायजे का? अठरा माणसं यायलीत गावाकडून. भटजी सांगितलाय, आचारी सांगितलाय. एवढं एक सोडून द्या. बाकी काय लिहायचं ते लिहा."

खरं सांगते, मला त्याची बाजू कळत होती. डिस्पॅचच्या वेळचा आरडाओरडा मी एकवीस वर्षं ऐकला होता. आणि त्या क्षणी मला त्याचा प्रचंड रागही आला. आधी कॅमेरा मला सांगत होता काय बघायचं नाही, आता ज्याने मला बघायला बोलावलं तोच सांगत होता. मी म्हटलं, "लिहिलंय ते राहील. किल्ली घ्यायची का नाही, ते तुम्ही ठरवा. त्यात मी पडणार नाही."

आम्ही आत आलो तेव्हा बाथरूममधून पाण्याचा आवाज आला. त्याची बायको दुसरी बादली ओतत होती. तिने पदर खोचला होता आणि पाणी कसं येतं ते वाकून बघत होती. ते तिच्या पावलांपर्यंत आलं, पुढे बेडरूममध्ये गेलं. ती नवऱ्याला म्हणाली, "दहा वर्षं मोरीचं पाणी हातानं लोटलंय मी. आता लोटायची नाही." आवाज चढवला नाही. मग इंजिनिअरकडे वळली. "दादा, किल्ली तुमच्याकडंच ठेवा. हे नीट झालं की घेऊ."

जिना उतरताना फिटर भराभर माझ्या पुढे गेला. गेटपाशी फक्त म्हणाला, "चांगलं काम केलंत मॅडम." ते कौतुक नव्हतं.

मी घरी येऊन रिपोर्ट पाठवला आणि हे इथे संपलं असं समजले. संपलं नाही. त्या बाईने रिपोर्टचा फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने आपापल्या बाथरूममध्ये बादली ओतली होती. सोमवारी बिल्डरच्या ऑफिसातून एका माणसाचा फोन आला. अतिशय गोड बोलला. ताई, तुम्ही आमच्या बहिणीसारख्या, पण यापुढे आमच्या साइटवर येऊ नका, गेटवर सांगून ठेवलंय. त्याच्या पाठोपाठ त्याच इमारतीतल्या ठरलेल्या पाच तपासण्या रद्द झाल्या. ज्यांनी रद्द केल्या त्यांतल्या एका बाईंनी वर मलाच विचारलं, "तुमच्यामुळे आमचं पझेशन लांबणार का?"

आणि बुधवारी फिटरचा फोन. मागे माणसांचा गलका. "मॅडम, पाहुणे आलेत. तिकिटं काढली होती, यायचं कसं थांबवणार? दोन खोल्यांत अठरा माणसं बसलीत आणि सगळी विचारायलीत की गृहप्रवेश कामून न्हाई. मी सांगून थकलो. आता तुमीच येऊन सांगा."

मी म्हटलं, हे माझं काम नाही. फोन ठेवला. भाजी चिरायला घेतली. दोन कांदे चिरून झाले आणि मग मी सुरी ठेवली, स्कूटर काढली आणि चिखलीला गेले. वाटेत सबंध वेळ स्वतःला शिव्या देत होते. कंपनीत असते तर या वेळी शिफ्ट संपवून बसमध्ये डुलकी काढत असते.

खोलीत खरंच अठरा माणसं होती. पिशव्या, ट्रंका, भिंतीला टेकलेली पोरं. फिटर कोपऱ्यात उभा होता, माझ्याकडे न बघता. मधोमध त्याची आत्या बसली होती, सत्तरीची, नाकात मोठी नथ, मांडीवर पानाची चंची. तिनेच विचारलं, "तूच का ती? काय खोट काढलीस पोराच्या घरात?"

कसं समजवायचं? मी फिटरच्या बायकोकडे एक ताट मागितलं आणि तांब्याभर पाणी. ताटाच्या एका कडेला खडूने जाळी काढली, समोरच्या कडेला दार. ताट दाराच्या बाजूला किंचित कललेलं धरलं आणि त्यात पाणी ओतलं. पाणी दाराकडे आलं आणि माझ्या साडीवर सांडलं. "असं आहे तिथे," मी म्हटलं. "आंघोळीचं सगळं पाणी झोपायच्या खोलीत येणार." मग ताट उलट्या बाजूला कलवलं. "असं पाहिजे."

आत्याने ताट माझ्या हातातून घेतलं, स्वतः दोनदा कलवून बघितलं. मग फिटरला म्हणाली, "न्हाणीचं पाणी घरात येणार आन् तू आमाला पूजेला बोलावलास? बाईनं सांगितलं ते बरं झालं की. नीट झाल्यावर येऊ परत." तिचं ऐकून बाकीच्यांनी माना हलवल्या. एका मामांनी विचारलं, मग आता जेवणाचं काय, आणि विषय आचाऱ्याकडे गेला. मला त्यांनी चहा दिला. फिटरने कप माझ्या हातात दिला तेव्हा म्हणाला, "आत्याचं ऐकतात सगळे. माझं कुणी ऐकलं न्हाई." त्याचा राग तेव्हाही गेला नव्हता, पण आवाज जरा खाली आला होता.

तिथून मी सरळ कासारवाडीला वडिलांकडे गेले. का गेले ते सांगता येणार नाही. साडी अजून ओली होती. त्यांना सगळं सांगितलं. साइटवर बंदी, रद्द झालेली कामं, ताट, अठरा माणसं. म्हटलं, बाबा, माझं चुकलंच बहुतेक, कुठेतरी परत नोकरी बघते. त्यांनी माझा रिपोर्ट मागितला. चष्मा लावून चारही पानं वाचली, बोट ठेवून, जसे ते ड्रॉइंग वाचायचे. बराच वेळ लागला.

"ढाळ उलटा आहे हे लिहिलंस," ते म्हणाले. "किती उलटा, ते कुठे लिहिलंय? मोजमाप नाही याच्यात. असा रिपोर्ट आमच्या फोरमनने तोंडावर फेकला असता."

मी रडायच्या बेतात होते आणि ते मोजमापावर बोलत होते. मी चिडून म्हटलं, "गोटी ठेवली होती."

"गोटी दाखवायला ठीक आहे. कागदावर आकडा पाहिजे." मग उठून आत गेले आणि त्यांच्या पेटीतली पोलादी पट्टी आणि गेज घेऊन आले. ते गेज त्यांनी निवृत्तीनंतर कुणाला हात लावू दिलं नव्हतं. "पुढच्या वेळी मला सांग. मी येतो दाखवायला." परत नोकरीबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही, मीही पुन्हा विषय काढला नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या आणि तब्येत विचारली, तेव्हा वडीलच पाठीमागून म्हणाले, "बरी आहे ती. घरं तपासते."

तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी ते माझ्याबरोबर येतात आणि माझा जीव नकोसा करतात. मी फरशी वाजवली की ते परत वाजवतात. मी पोकळ म्हटलं की ते म्हणतात, अर्धी पोकळ. ग्राहकासमोर माझ्या अक्षरावर बोलतात. एकदा इंजिनिअरला त्यांनी अर्धा तास थांबवून ठेवून ओळंबा कसा धरायचा ते शिकवलं, आणि तो बिचारा शिकला. रिपोर्टात आता आकडे असतात, हे मात्र मान्य करावं लागेल.

त्या इमारतीचं सांगायचं राहिलं. सगळ्यांनी मिळून बिल्डरच्या ऑफिसात बैठक मारली. पझेशन लांबणार का म्हणून मलाच विचारणाऱ्या बाईही त्यात पुढे होत्या, असं कळलं. अडीच महिने लागले, पण बाथरूमच्या फरशा उखडून नव्याने ढाळ दिला. एका दुपारी फिटरच्या बायकोचा फोन आला. "मॅडम, परत तपासायला या. गेटवर माझी बहीण म्हणून सांगते."

मी गेले. फिटर सुट्टी टाकून आला होता. बादली ओतली, पाणी सरळ जाळीत गेलं. पट्टी लावून आकडा घेतला, लिहिला. तिने स्वतः आणखी एक बादली ओतून बघितली. मग मी दार लावून बघितलं, आणि दार खालून घासलं. फरशी उचलून बसवताना दाराजवळची पातळी किंचित वर आली होती.

मी वही काढली. फिटरने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम," तो म्हणाला, "हे लिहा, पण त्यांना देऊ नका. परत तीन महिने लावतील. दार मी काढतो, खालून रंधा मारतो, अर्ध्या तासाचं काम हाय."

मी विचार केला. मग लिहिलं, 'दार खालून घासते, मालक स्वतः दुरुस्त करणार', आणि खाली त्याची सही घेतली. त्याने हसून सही केली. मी त्याला हसताना पहिल्यांदाच बघितलं.

त्याने नंतर माझा नंबर त्याच्या कारखान्यात निम्म्या लोकांना दिला. मला सांगितलं नाही, फोन येऊ लागले तेव्हा कळलं. प्रत्येक जण सुरुवातीलाच सांगतो, "तुम्ही फार कडक आहात म्हणे," आणि तरीही बोलावतो. पुढच्या शनिवारी चिखलीत एकाच इमारतीतले चार फ्लॅट आहेत. त्यातल्या एकाने आत्ताच विचारलंय, रिपोर्ट एका पानात बसवता येईल का. मी म्हटलं, फ्लॅटवर अवलंबून आहे. तो म्हणाला, गृहप्रवेश रविवारी आहे.